छोट्या कॉलेजात राहू की मोठ्या कॉलेजात जाऊ? बास्केटबॉल ट्रान्सफरचा विचार करणाऱ्यांसाठी

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका घरातून फोन आला. मुलगा इथे अमेरिकेत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, गार्ड म्हणजे बॉल सांभाळणाऱ्याच्या जागेवर खेळतो, यंदा मॅचला पंधरा पॉइंट्सच्या वर अ‍ॅव्हरेज काढलंय आणि आता ट्रेनरच्या मार्फत कानावर येतंय की दोन मोठी कॉलेजं त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. आई म्हणते संधी दारात आलीय, जाऊ दे. बाबा म्हणतात जिथे मान आहे तिथेच पूर्ण कर. मी आयोवा राज्यातल्या डे मॉइनला राहतो, ड्रेक युनिव्हर्सिटीच्या मॅचेस बरीच वर्षं बघतोय, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत या एका शहरात ट्रान्सफरचे जेवढे प्रकार बघितले तेवढे क्वचितच कुठे बघायला मिळतील, म्हणून त्यांनी मला विचारलं. फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय, अजून कुणाच्या घरात हीच चर्चा चालू असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी नियम, पटकन. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, त्यामुळे लोक दहादा विचार करायचे. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्यांची नावं नोंदवायची ऑनलाइन यादी, ऑक्टोबर २०१८ मध्ये आलं, एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यास व्यवस्थित असेल तर कितीही वेळा बदला, बाहेर बसायची भानगड नाही. मधे जुलै २०२१ मध्ये एनआयएल सुरू झालं, म्हणजे स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी, आणि जुलै २०२५ पासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, तुमचं नाव पोर्टलमध्ये जाईपर्यंत दुसऱ्या कॉलेजच्या कोचने तुमच्याशी बोलणं नियमात बसत नाही. म्हणजे ट्रेनर, मित्राचा मित्र वगैरेंकडून जे ऐकू येतं ती ऑफर नसते. आणि नाव टाकलं की सध्याचं कॉलेज पुढच्या टर्मची स्कॉलरशिप थांबवू शकतं. दर वर्षी कितीतरी मुलं नाव टाकून बसतात आणि फोनच येत नाही.

आता खरी तुलना. माझ्या मते सगळ्यात आधी मिनिटं बघायची. पैसे, नाव, टीव्ही सगळं नंतर.

२०२४-२५ चा सीझन, ड्रेकचं नॅप सेंटर, सात हजारांच्या आसपास सीट्स, कोर्ट इतकं जवळ की कोच काय ओरडतोय ते कळतं. बेनेट स्टर्ट्झ नावाचा पोरगा, आधीची दोन वर्षं डिव्हिजन टूमध्ये नॉर्थवेस्ट मिझूरी स्टेटला खेळलेला, कोच बेन मॅकॉलमबरोबर ड्रेकला आला. मॅकॉलमने त्या छोट्या कॉलेजात चार राष्ट्रीय टायटल्स जिंकलेली, येताना स्टर्ट्झसकट चार पोरं घेऊन आला. स्टर्ट्झ मॅचला सरासरी ३९ मिनिटं खेळायचा, ४० मिनिटांच्या मॅचमध्ये! शॉट क्लॉकला, म्हणजे शॉट मारायच्या ठरलेल्या वेळेत, सात-आठ सेकंद उरेपर्यंत तो बॉल घेऊन वरती उभा, डाव्या हाताने सहकाऱ्याला खूण करतोय, स्क्रीन येते, म्हणजे तो सहकारी डिफेंडरची वाट अडवतो, आणि मग तो ठरवणार की स्वतः आत शिरायचं की कोपऱ्यात पास द्यायचा. चुकला तरी पुढच्या वेळी बॉल त्याच्याच हातात. संघ ३१-४ झाला, मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या फेरीत मिझूरीला हरवलं. मला तेव्हा जाणवलं की हा पोरगा एका वर्षात जितके निर्णय घेतोय तितके मोठ्या कॉलेजच्या बेंचवरचा गार्ड चार वर्षांत घेत नसेल.

छोट्या कॉलेजात तुम्हाला मिळतं ते हे. शेवटच्या पाच मिनिटांत बॉल तुमच्याकडे.

मोठ्या कॉलेजात काय होतं? तिथे तुमच्यासारखेच आठ-नऊ जण येतात, प्रत्येक जण आपापल्या जुन्या कॉलेजचा हिरो. २०२५ पासून रोस्टर, म्हणजे संघाची यादी, जास्तीत जास्त १५ चा आहे पण खरं खेळतात आठ-नऊच. ट्रे टाउनसेंडचं उदाहरण घ्या. ओकलंड युनिव्हर्सिटी, मिशिगन, त्याचे आई-वडीलही तिथूनच खेळलेले. मार्च २०२४ मध्ये ओकलंडने केंटकीला ८०-७६ हरवलं, सगळ्यांना त्यातला जॅक गोल्की आणि त्याचे दहा थ्री (तीन पॉइंट्सचे शॉट) आठवतात, पण पुढच्या मॅचमध्ये एनसी स्टेटविरुद्ध ओव्हरटाइमपर्यंत संघाला ओढत नेलं ते टाउनसेंडने, ३० पॉइंट्स. मग तो अ‍ॅरिझोनाला गेला आणि १७ च्या वरचं अ‍ॅव्हरेज निम्म्याच्या आसपास आलं. तो काही वाईट खेळाडू झाला नाही, संघही स्वीट सिक्स्टीनपर्यंत (शेवटच्या सोळांत) गेला, फक्त त्याचं काम बदललं. ओरल रॉबर्ट्सचा मॅक्स अबमस टेक्ससला गेला, त्याचं २२ चं जवळपास १७ वर आलं, आणि तो स्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या पाचांत, होता तरीही. म्हणजे आकडे खाली येणारच असं धरूनच चला, प्रश्न इतकाच की खाली येऊनही तुम्ही मैदानावर असणार का.

पण मग जाऊच नये का? असं अजिबात नाही, आणि ५ एप्रिल २०२५ ची सॅन अँटोनिओची सेमीफायनल ज्यांनी बघितली ते असं म्हणणारही नाहीत. फ्लोरिडा विरुद्ध ऑबर्न. फ्लोरिडाकडून वॉल्टर क्लेटन ज्युनियर, जो आयोनातून आला होता, ३४ पॉइंट्स. ऑबर्नकडे जोनाय ब्रूम, मोरहेड स्टेटचा. फ्लोरिडाच्याच संघात अलाइजा मार्टिन, जो फ्लोरिडा अटलांटिककडून २०२३ ला फायनल फोर खेळून आला होता, आणि विल रिचर्ड, बेलमाँटहून आलेला. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या स्टेजवर छोट्या कॉलेजांतून आलेली पोरं एकमेकांसमोर उभी होती. दोन दिवसांनी फायनलला ह्यूस्टनने क्लेटनला पहिल्या हाफमध्ये एकही पॉइंट करू दिला नाही, फ्लोरिडा बारा पॉइंट्सनी मागे पडला होता, तरी ६५-६३ जिंकले, आणि शेवटच्या सेकंदांत इमॅन्युएल शार्प थ्री मारायला उडाला तेव्हा धावत अंगावर गेला तो क्लेटनच. शार्पला हवेतच बॉल सोडून द्यावा लागला. मी तो क्षण किती वेळा मागे घेऊन बघितला असेल! ती पोरं त्या वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाने खेळाडू निवडतात त्यात, गेली, क्लेटन १८ वा, ब्रूम ३५ वा, मार्टिन ३९ वा, रिचर्ड ५६ वा. त्याच्या आदल्या वर्षी डाल्टन नेक्ट, ज्युनियर कॉलेज, मग नॉर्दर्न कोलोरॅडो, मग टेनेसी, एका वर्षात एसईसी या मोठ्या लीगचा प्लेअर ऑफ द इयर आणि १७ वा पिक.

यांच्यात सारखं काय आहे ते बघा. क्लेटन दोन वर्षं आयोनाला खेळला, दुसऱ्या वर्षी लीगचा प्लेअर ऑफ द इयर झाला आणि मग निघाला. त्याचा कोच रिक पिटीनो सेंट जॉन्सला गेला होता, पण क्लेटनने त्याच्या मागे न जाता स्वतःच्या राज्यातलं, घराजवळचं कॉलेज निवडलं, जिथे कोचला गार्डची गरज होती. ब्रूमनेही दोन वर्षं काढली. नेक्टने नॉर्दर्न कोलोरॅडोला दोन वर्षं काढली, दुसऱ्या वर्षी २० चं अ‍ॅव्हरेज. बहुतेकांनी एक पूर्ण सीझन असा काढला होता की समोरचा संघ फक्त त्यांनाच अडवायची तयारी करून यायचा आणि तरी ते खेळायचे. एका चांगल्या महिन्यावर गेलेली ही पोरं नाहीत.

तिसरा रस्ता पण आहे आणि घरी बोलताना तो बहुतेक विसरला जातो, कोचबरोबर जाणं. मॅकॉलम ड्रेकला एकच वर्ष राहून आयोवा युनिव्हर्सिटीला गेला, स्टर्ट्झ त्याच्याबरोबर. आय-८० ने पावणेदोन तास, पण जग वेगळं, कार्व्हर-हॉकाय अरीनात तुम्ही वरच्या मजल्यावरून आत शिरता आणि पंधरा हजार सीट्स खाली उतरत जातात, कोर्ट खोल विहिरीच्या तळाशी असावं तसं दिसतं. तिथे मी त्याला बघितला, तीच डाव्या हाताची खूण, तोच थांबलेला बॉल. कोच तोच, भाषा तीच, त्यामुळे त्याला नव्याने विश्वास कमवावा लागला नाही. इंडियाना स्टेटचा रॉबी अव्हिला, तो गॉगलवाला सेंटर, त्याला कितीतरी मोठी नावं मिळाली असती पण तो कोच जॉश शर्ट्झबरोबर सेंट लुईसला गेला. मला तो निर्णय फार आवडला होता. आणि तरीही खात्री कशाचीच नसते, ड्रेकचाच टकर डेव्ह्रीस, दोनदा लीगचा प्लेअर ऑफ द इयर, वडीलच कोच, त्यांच्याबरोबर वेस्ट व्हर्जिनियाला गेला आणि आठ मॅचेसमध्ये खांद्याच्या दुखापतीने सीझन संपला. पुढच्या वर्षी वडील इंडियानाला, तोही इंडियानाला. वडील कोच होते म्हणून जागा पक्की राहिली, दुसऱ्या एखाद्याचं काय झालं असतं याचा विचार करा.

राहणाऱ्यांनी पण एक समजून घ्या, तुम्ही राहिलात म्हणून बाकीचं जागेवर राहील असं नाही. सेंट पीटर्सने २०२२ ला केंटकीला हरवून एलिट एटपर्यंत मजल मारली, काही दिवसांत कोच सीटन हॉलला गेला आणि त्या संघातले बरेच जण इकडेतिकडे पांगले. २०२३ ला एफडीयूने (फेअरली डिकिन्सन) पर्ड्यूला हरवलं, कोच लगेच आयोनाला. म्हणून 'मी राहतो' म्हणण्याआधी कोचला सरळ विचारा की तुम्ही राहताय का आणि पॉइंट गार्ड सोडून बाकी चार जण कोण असणार आहेत. कोच शंभर टक्के खरं सांगेलच असं नाही पण तोंड बघून बरंच कळतं.

पैशाबद्दल आपल्या लोकांना बोलायला संकोच वाटतो, मला वाटत नाही. वीस वर्षांच्या मुलाला घरचं कर्ज फेडता येत असेल तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, गुडघा एका सेकंदात जातो. मोठ्या कॉलेजांना २०२५-२६ साठी सगळ्या खेळांत मिळून जवळपास २ कोटी ५ लाख डॉलर वाटायची मर्यादा होती, त्यातला मोठा वाटा फुटबॉल खातो, पण तरी बास्केटबॉलला जे उरतं ते बहुतेक छोट्या कॉलेजांच्या आवाक्याबाहेरचं असतं. दोन गोष्टी मात्र बघा. एक, तोंडी आकडा म्हणजे काही नाही, कागदावर काय आहे, किती महिन्यांत मिळणार, दुखापत झाली तर काय, मधेच सोडलं तर परत द्यायचे का, हे वकिलाला दाखवा. दोन, यातून टॅक्स सहसा कापून येत नाही, नंतर भरावा लागतो, आणि तोपर्यंत पोरांनी गाडी घेतलेली असते. ज्यांचा मुलगा भारतातून एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर आलाय त्यांनी तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका, व्हिसावर काम करून कमवायची बंधनं आहेत आणि हा खेळ परवडणारा नाही.

आणि डिग्री. इथे मी जरा जास्त आग्रही आहे. खेळायला पात्र राहायचं तर दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचे ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८० टक्के क्रेडिट्स पूर्ण हवेत. कॉलेज बदललं की काही क्रेडिट्स चालत नाहीत, विशेषतः इंजिनीअरिंग किंवा बिझनेस असेल तर. माझ्या माहितीतला एक मुलगा असाच बदलून गेला, तिथे गेल्यावर कळलं की त्याचे बरेच कोर्स नव्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) बसत नाहीत, मग अ‍ॅडव्हायझरने सगळ्यात जास्त क्रेडिट्स चालतील त्या मेजरमध्ये टाकलं. त्याला इंजिनीअर व्हायचं होतं. मिनिटंही मिळाली नाहीत, पहिल्या सीझनला बहुतेक वेळ वॉर्मअप घालूनच बसला. आईला फोनवर सांगायचा की प्रॅक्टिस मस्त चाललीय, आणि ती माऊली दर मॅचला टीव्ही लावून बेंचवरच्या खुर्च्यांमध्ये त्याला शोधायची. मला अजून वाईट वाटतं.

एनबीएचं म्हणाल तर स्काउट सगळीकडे पोचतात. स्टेफ करी डेव्हिडसनचा, डेमियन लिलर्ड वीबर स्टेटचा, सीजे मॅकॉलम (कोच मॅकॉलम नव्हे) लीहायचा, जा मोरँट मरी स्टेटचा, सगळे पहिल्या दहात गेले. काळ वेगळा होता हे मान्य, आज त्यातले दोघं-तिघं तरी पोर्टलमध्ये गेले असते. पण तेवढ्यासाठीच जायचं असेल तर घाई नको.

मग माझं मत? पहिल्या वर्षानंतर जात असाल तर नका जाऊ, फक्त कोच गेला किंवा तुम्हाला खेळवतच नाहीत तर वेगळं. दोन वर्षं झाली, लीगमधल्या पहिल्या चार-पाच जणांत नाव आहे, आणि समोरच्या कॉलेजचा तुमच्या जागेवरचा स्टार्टर यंदा संपतोय, तर जा, अगदी बिनधास्त जा. स्टार्टर परत येतोय आणि कोच म्हणतोय 'तू ये, स्पर्धा होऊ दे', तर सध्या जे कॉलेज आहे ते सोडू नका. शेवटचं वर्ष राहिलं असेल, डिग्री झाली असेल, तर पैशाला जास्त वजन द्या.

फोनवाल्या मुलाला मी रविवारी घरी जेवायला बोलावलंय. त्या दोन्ही कॉलेजांचे रोस्टर प्रिंट काढून ठेवलेत, गार्ड लोकांच्या नावांपुढे कोण संपतंय, कोण परत येतंय ते पेनने लिहिलंय, एकाकडे तीन गार्ड परत येतायत, दुसऱ्याकडे एकच. येताना ट्रान्सक्रिप्ट घेऊन ये म्हटलंय, आणि ट्रेनरला घेऊन येऊ नकोस.