टचअप पेंटचे आठ महिने, कोकणातल्या हवेत

नोव्हेंबरात मामाच्या गावी पाणंदीत गाडी वळवताना डावी बाजू चिऱ्याच्या गडग्याला घासली. गाडी चंदेरी वॅगन आर, रत्नागिरीत बाराही महिने उघड्यावर उभी असते. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, दरवाजा आणि मागचं मडगार्ड, दोन्ही पॅनल अख्खे मारायला लागतील." विम्याचा क्लेम केला असता तर पाच वर्षं जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला असता. म्हणून गाडीवरच्या पट्टीवरचा कलर कोड बघून टचअपची बाटली आणली, सोबत लॅकर (रंगावर द्यायचा पारदर्शक थर) आणि रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट).

आधी गाडी धुऊन प्रत्येक चऱ्यावरून नख फिरवलं. नख अडकत नसेल तर चरा वरच्या पारदर्शक थरातच असतो, तिथे रंग लावायचाच नाही. दरवाज्यावरचे निम्मे ओरखडे नुसत्या कंपाउंडनं गेले. काही तर ओरखडे नव्हतेच, चिऱ्याची लाल भुकटी रंगावर बसली होती. पण घासताना हात आवरा. कंपनीचा तो थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. दर महिन्याला रगडत बसलात तर तो संपतो, आणि मग रंग फिका पडत जातो.

खोल चऱ्यांना बाटलीतला ब्रश वापरू नका, फार जाड लागतो. मी टूथपिकच्या टोकानं थेंब थेंब सोडला. वाळला की तो खाली बसतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासानं तीन हात दिले. चंदेरी रंगातली चमकी तळाशी बसते, बाटली चांगली दोन मिनिटं हलवावी लागते. तरीही मॅचिंगची आशा धरू नका. स्प्रेनं चमकी जशी पसरते तशी ती टूथपिकनं बसत नाही. समोरून बघितलं तर पटकन कळत नाही, पण तिरक्या उन्हात रेघ करडी दिसते. मला ते चालतं.

मला खरी काळजी होती ती मडगार्डच्या कडेची. तिथे बोटाच्या पेराएवढा पत्रा उघडा पडला होता. घाईत मी प्राइमर, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर द्यायचा अस्तराचा थर, न लावताच रंग दिला. फेब्रुवारीत त्या जागी मोहरीएवढा तपकिरी फोड आला, नखानं टोकरला तर रंगाची खपली निघाली आणि खाली गंज. खूप वाईट वाटलं, कारण चूक माझीच होती. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या छोट्या तुकड्यानं पत्रा लखलखीत होईपर्यंत घासला, थिनरनं पुसला, प्राइमर लावून रात्रभर वाळू दिला, आणि मगच रंग आणि लॅकर. हे सगळं सावलीत, गार पत्र्यावर.

आता जुलै आहे, महिनाभर पाऊस थांबलेला नाही. त्या जागेवर दर रविवारी बोट फिरवतो. फोड नाही, रंग गुळगुळीत आहे. पोचा आला असेल किंवा पत्रा तळहाताएवढा सोलला असेल, तर मात्र या बाटलीच्या नादी लागू नका, सरळ डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा.

मागच्या बंपरलाही दोन खोल चरे आहेत. तो प्लॅस्टिकचा, गंजत नाही. ते तसेच ठेवलेत.