कोथरूडहून वाघोलीला हलवलेली तीन फुटी प्लांटेड टाकी : काही महिन्यांच्या वापरानंतर

जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची ही टाकी 90 × 45 × 45 सेंमी, 10 मिमी काच, वर चौकट नाही. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा), झाडांसाठी सिलिंडरवरचा सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, एलईडी. मासे निऑन टेट्रा, कोरीडोरास आणि शेवाळ खाणारे ओटो, सोबत अमानो कोळंबी. कोथरूडला ही टाकी महापालिकेच्या पाण्यावर चालायची. खडकवासल्याचं ते पाणी इतकं मृदू की मीटरवर टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) जेमतेम 100. वाघोलीच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिसळलेलं पाणी येतं, टीडीएस 700 च्या आसपास. नवी मांडणी या एका आकड्याभोवती केली आणि आता मागे वळून पाहता तोच निर्णय सगळ्यात जास्त कामी आलाय. सामान बांधायच्या आधी नव्या घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणा आणि जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम), केएच (पीएच वर धरून ठेवणारे कार्बोनेट), टीडीएस तिन्ही मोजा. दगड, माती, झाडं यांचा विचार त्यानंतर.

तिन्ही मोजायचं कारण म्हणजे सोसायटीचा सॉफ्टनर. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. त्यामुळे साबणाला फेस छान येतो, भांड्यांवर डाग पडत नाहीत, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. इथे जीएच 2 आणि केएच 14 निघाला. झाडांना हवं ते कॅल्शियम नाही आणि पीएच मात्र 8 च्या पुढे अडकलेला, अशी दोन्हीकडून अडचण. सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनचा नळ, बहुतेक वेळा बागेचा, मिळाला तर पाणी तिथून घ्या. इथे ती सोय नाही, म्हणून आरओ मिसळणं आलं.

प्रमाण 3 भाग आरओ, 1 भाग नळ. आरओचा टीडीएस 20 धरला तर मिश्रण 190 ला येतं आणि केएच साडेतीनला. दर आठवड्याला 40 लिटर बदलायचं, म्हणजे 30 लिटर आरओ आणि 10 लिटर नळाचं. त्या 40 लिटरमध्ये 4 ग्रॅम कॅल्शियम सल्फेट आणि 2 ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाकलं की जीएच साधारण 4 ने वाढतो. कॅल्शियम सल्फेट हट्टी असतं, पटकन विरघळत नाही. पिंपात एअर स्टोन सोडून रात्रभर फिरू द्यायचं. नळाच्या पाण्याला अँटिक्लोरिन लागतंच. टँकरवाले ब्लीचिंग पावडर किती टाकतात याचा काही नेम नाही आणि सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी तर पाण्याला नाकाजवळ न नेताही वास येतो. त्या दिवशी पाणी बदलू नये.

घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरणार असाल तर आधी आतली कार्ट्रिज तपासा. हल्ली बऱ्याच मशीनमध्ये तांब्याची कार्ट्रिज असते. माणसाला चालणारं तांबं कोळंबीला मारतं. ती काढून टाका किंवा मेम्ब्रेनच्या लगेच पुढे टी-जोड घालून वेगळी नळी काढा. मशीनमधला टीडीएस कंट्रोलरही पूर्ण बंद हवा, नाहीतर कच्चं पाणी त्यातूनच परत मिसळतं. एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. ते लादी पुसायला आणि संडासला वापरावं.

हलवण्याच्या दिवशी सगळ्यात मोठा प्रश्न माशांचा असतो, आणि तो प्रवासापेक्षा नंतरचा. नवी अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची पोषक माती) पहिले काही आठवडे अमोनिया सोडते. जुनी माती ढवळली तर तळाशी साठलेला गाळ वर येऊन तेच होतं. म्हणून एकाच दिवसात टाकी लावून त्यात मासे सोडायचे असतील तर सॉइल नकोच. धुतलेली वाळू आणि रूट टॅब (मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या) घ्या. सॉइल हवीच असेल तर माशांची महिनाभर वेगळी सोय करा. इथे 60 लिटरचा फूडग्रेड प्लास्टिक टब वापरला. त्याचा स्पंज फिल्टर घर सोडायच्या महिनाभर आधीपासून जुन्या टाकीत चालू ठेवला होता, म्हणजे त्यात अमोनिया संपवणारे जिवाणू बसतात. वर जाळी हवी, टेट्रा उडी मारतात. एक दिवसाआड थोडं खाणं आणि एक दिवसाआड 20 टक्के पाणी बदल. बदलाचं पाणी पहिल्यापासून नव्या मिश्रणाचंच घ्यायचं. त्यामुळे टबातच मासे आणि कोळंबी नव्या टीडीएसला रुळतात आणि टाकीत सोडताना तासन्‌तास नवं पाणी थेंबथेंब देणारी ठिबक लावावी लागत नाही.

टाकी उतरवताना क्रम चुकवू नका. आदल्या दिवशी मासे उपाशी. सकाळी आधी 40 लिटर स्वच्छ पाणी कॅनमध्ये काढून घ्या, मग झाडं, मग लाकूड-दगड. पाणी वीतभर उरलं की मासे जाळीत सहज येतात. तळाला हात लावायचा तो मासे बाहेर आल्यावरच. सगळं जुनं पाणी बरोबर न्यायची गरज नाही. उपयोगी जिवाणू पाण्यात नगण्य असतात, ते फिल्टरच्या मीडियात (आतल्या स्पंज-रिंगांत), दगडांवर, पानांवर बसलेले असतात. मीडिया कॅनिस्टरमध्ये बंद करून नेऊ नका. पाणी फिरत नसताना आतला ऑक्सिजन लवकर संपतो, जिवाणू मरतात आणि पंप चालू केल्यावर ते काळं, कुजकं पाणी थेट टाकीत येतं. मीडिया उघड्या बादलीत, टाकीच्याच पाण्यात, बॅटरीवरचा एअर पंप लावून न्या. लाकूड ओल्या गोणपाटात गुंडाळा. वाळलं तर पुन्हा तरंगायला लागतं.

काच पूर्ण रिकामी करूनच उचलायची. तळाशी चार बोटं माती ठेवून उचलली तरी सिलिकॉनच्या जोडावर ताण येतो, आणि गळती लगेच नाही, पंधरा दिवसांनी कळते. नव्या जागी 24 तास नुसतं पाणी भरून तपासा. भरलेली टाकी स्टँडसकट पावणेतीनशे किलोच्या घरात जाते. ती तुळईजवळच्या भिंतीला लावावी, खोलीच्या मध्यभागी नको. लेव्हल बाटली लांबीला आणि रुंदीला दोन्हीकडे लावून बघा.

सॉइलच्या 9 लिटरच्या तीन पिशव्या लागल्या, पुढे 3 सेंमी, मागे 10 सेंमी. दगड म्हणून काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, निवडला. तो पाण्यात काही सोडत नाही, पण आपल्याकडच्या बसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट आहे, तो दगड बाजूला ठेवा. सेइर्यू हा चुनखडीयुक्त दगड या पाण्यात मुद्दाम टाळला, तो केएच वाढवतो. जांभा दिसायला सुंदर, पण भुगा होतो.

झाडांपैकी अ‍ॅनुबियास, जावा फर्न आणि बुसेफॅलँड्रा काहीही न मागता उभी आहेत. त्यांचं कांड (आडवं खोड) मातीत पुरू नका, दगडाला सुपरग्लू जेलने चिकटवा. क्रिप्टोकोरायनची पानं आठवड्याभरात वितळली. ती उपटायची नाहीत, सडलेली पानं तेवढी कापायची. मुळं जिवंत असतात, महिना-दीड महिन्यात नवा फुटवा येतो. रोटाला रोटुंडिफोलिया चांगली गुलाबी झाली. आपल्या पश्चिम घाटातली रोटाला मॅक्रँड्रा मात्र इथे खुरटली, तिला केएच याहून कमी लागतो. लोह देताना त्याला धरून ठेवणारं संयुग ईडीटीएऐवजी डीटीपीए घ्या. पीएच 7 च्या वर ईडीटीएचं लोह झाडांना मिळण्याआधीच निसटतं.

सुरुवातीला तपकिरी डायटम (शेवाळाचा थर) सगळीकडे येतं. घाबरून औषध घालू नका. पहिला आठवडा एक दिवसाआड 50 टक्के पाणी बदल, दिवा फक्त 6 तास. ओटो आत आले की ते आपोआप साफ होतं. अमोनिया आणि नायट्राइट लागोपाठ आठवडाभर शून्य दिसल्याशिवाय टबातले मासे हलवू नयेत. काळी केसाळ बुरशीसारखी दिसणारी शेवाळ मात्र सीओटू वरखाली झाल्याची खूण आहे. दिव्याच्या दोन तास आधी सीओटू सुरू व्हायला हवा आणि दिवा लागताना ड्रॉप चेकर (सीओटूचं प्रमाण रंगाने दाखवणारी कुपी) पोपटी दिसायला हवा.

उन्हाळ्यात पाणी 31 अंशांवर जातं. पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा 2-3 अंश उतरवतो, पण पाणी भराभर उडतं. क्षार मागे राहतात, म्हणून ही घट भरायला निव्वळ आरओ वापरायचं, मिश्रण नाही. इथे मिश्रण ओतत राहिलात तर पावसाळ्यापर्यंत टीडीएस बराच चढतो. पुढच्या छाटणीत मॅक्रँड्रा काढून तिथे व्हॅलिस्नेरिया लावायची आहे, ती या पाण्यात गवतासारखी पसरेल.