फिट ओळखणारा मनगटी बँड: न्यूरोलॉजिस्टच्या नजरेतून

अपस्माराच्या पेशंटच्या फिट्सच्या डायरीवर माझा फारसा भरवसा नाही. बिचाऱ्याचा दोष नाही; फिटच्या वेळी जो शुद्धीत नसतो त्यालाच आपण नोंद ठेवायला सांगतो. व्हिडिओ ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद आणि सोबत चित्रण) लावून पडताळलं तेव्हा निम्म्याहून अधिक फिट्स पेशंटनी नोंदवलेल्याच नव्हत्या, झोपेतल्या तर बहुतेक सगळ्या सुटलेल्या. म्हणून काही जणांना हा बँड लावायला सांगितला.

हाताच्या झटक्यांची लय आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता तो मोजतो. अंगभर झटक्यांची मोठी फिट चांगली पकडतो आणि घरच्यांच्या फोनवर अलार्म वाजवतो. एकट्याने झोपणाऱ्यांना याचा खरा उपयोग. अपस्मारातला अचानक मृत्यू, म्हणजे सुडेप, अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये वर्षाला साधारण हजारात एकाला गाठतो, तोही बहुधा झोपेत, जवळ कुणी नसताना. पण नुसती टक लावून बसण्याची, तोंड चघळल्यासारखं करण्याची फिट याला कळत नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही असे बँड मोठ्या फिट्सपुरतेच सुचवतात. खोक्यावर मात्र सरसकट ‘फिट ओळखतो’ छापलंय!

खोटे अलार्म होतात. ‘डॉक्टर, हा दात घासायला लागला की मी धावत सुटते,’ असं एक आई वैतागून सांगत होती.

माझी खरी तक्रार डॉक्टरांसाठीच्या डॅशबोर्डबद्दल आहे. लॉगिन करा, पेशंट शोधा, तारीख निवडा, मग रंगीत रेषांचं जंगल. बाहेर ओपीडी खोळंबलेली. मला एकच पान हवंय: गेल्या तीन महिन्यांत रात्रीच्या फिट्स किती, औषध कधी चुकलं. आणि पहाटे तीनला आलेली नोंद मी सकाळी पाहिली तर जबाबदारी कुणाची? हे स्क्रीन चोवीस तास कुणी बघत नसतं, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते.

नैराश्याच्या पेशंटसाठी झोप, पावलं आणि मूड नोंदवणारं फोनवरचं ॲप वापरणारी माझी मानसोपचारतज्ज्ञ मैत्रीण झोपेच्या नोंदींवर खूश आहे. झोप बिघडायला लागली की ती आधीच फोन करते. पावलांच्या आकड्यांवर तिचा विश्वास नाही, कारण फोन दिवसभर टेबलावर पडलेला असतो. रोजचा ‘आज मूड कसा आहे?’ हा प्रश्न तिने बंदच करून टाकला. एक पेशंट म्हणाली होती, ‘ॲप विचारतं आणि मग मला आठवतं.’

मोठ्या फिट्स रात्री येत असतील आणि अलार्म ऐकून धावणारं कुणी असेल तर जरूर घ्या. चार्जिंग मात्र संध्याकाळी उरका. बरेच जण बँड काढून रात्रीच चार्जिंगला लावतात.