पुरुष माध्यमिक शिक्षक, भारत आणि जपान: तयार आकडा घ्यावा की दोन्ही देशांची गणती उघडावी?

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी हा विषय घेतलात तर आकडे मिळवायच्या वाटा दोन. जागतिक बँकेच्या खुल्या माहितीतला तयार आकडा, नाहीतर प्रत्येक देशाची स्वतःची गणती: आपलं यूडायस प्लस (देशभरातल्या शाळांची सरकारी माहिती) आणि जपानच्या शिक्षण मंत्रालयाचं शालेय सर्वेक्षण. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे.

तयार आकड्याची सोय मोठी आहे, हे आधी कबूल करतो. एकूण माध्यमिक शिक्षक आणि त्यातलं महिलांचं प्रमाण मिळतं. वजाबाकी केली की पुरुष हाती. मुळात ही माहिती युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेची, त्यामुळे मार्गदर्शकही सहसा हरकत घेत नाहीत. वीस-पंचवीस देशांचा कल दाखवायचा असता तर मीही तीच घेतली असती.

माझं घोडं अडलं ते दाजींपाशी. दाजी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पदवीधर शिक्षक आहेत, सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतात. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात त्यांना कुणी माध्यमिक शिक्षक म्हणणार नाही. त्यांची सेवाज्येष्ठता, त्यांची बदली, सगळं प्राथमिककडे. पण युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आपली सहावी ते आठवी म्हणजे निम्न माध्यमिक. म्हणजे त्या तयार आकड्यात दाजीही माध्यमिक शिक्षक आणि नाशिकरोडला नववी-दहावीवर असलेला मीही माध्यमिक शिक्षक! हे ध्यानात आलं तेव्हा माझं एक प्रकरण लिहून झालं होतं. ते बाजूला ठेवावं लागलं.

नुसत्या नावाचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण इयत्ता बदलली की पुरुषांचं प्रमाण बदलतं. जपानमध्ये प्राथमिक शाळांत महिला जास्त आहेत, उच्च माध्यमिकला मात्र साधारण दोन तृतीयांश शिक्षक पुरुष. आपल्याकडे 2024-25 च्या यूडायस प्लसप्रमाणे सगळ्या इयत्ता मिळून 54.2 टक्के शिक्षक महिला आहेत. अशा वेळी खालच्या इयत्ता किती मिसळल्या यावरच निष्कर्ष फिरू शकतो. युनेस्कोकडे निम्न आणि उच्च असे टप्पे वेगळेही मिळतात. वेळ कमी असेल तर निदान तेवढं तरी करा.

देशांची गणती वेळखाऊ आहे, यात वाद नाही. जपानचं सर्वेक्षण 1948 पासून दरवर्षी होतं, 1 मे ही तारीख धरून. सविस्तर तक्ते जपानीत. मोबाइलवरच्या भाषांतरावर काम भागवलं. तिथे पूर्णवेळ आणि अर्धवेळ शिक्षक वेगळे मोजतात. मी आधी दोन्ही एकत्र धरले होते, ते पुन्हा वेगळे करण्यात दोन रविवार गेले. पण शाळांचे प्रकार तिथे बरेचसे स्वच्छ वेगळे आहेत, त्यामुळे कोण कुठे मोजला गेला ते दिसतं.

आपल्याकडे तसं नाही. यूडायसची माहिती भरताना ‘कोणत्या इयत्तांना शिकवतात’ या रकान्यापाशी आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी हात थांबतो. आठवीचे सहा तास आणि दहावीचे अठरा तास घेणारे सर कुठे बसवायचे? ‘उच्च प्राथमिक आणि माध्यमिक’ असा पर्याय असतो, तो निवडतो. माझ्या मते या गणतीचं मोल इथेच आहे: सरमिसळ झाली तरी ती कुठे झाली हे मला, रकाना भरणाऱ्याला, ठाऊक असतं.

कदाचित तुमच्या विषयाला एवढी बारकाई लागणारही नाही. दोनच देश असतील आणि हाताशी दोनेक महिने असतील, तर मात्र मी गणतीकडेच वळवीन. एक सांधा तरीही जुळत नाही. नव्या धोरणानंतर आपलं माध्यमिक नववी ते बारावी, जपानचं उच्च माध्यमिक दहावी ते बारावी. हे मी तक्त्याखालीच स्पष्ट लिहिलं होतं. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न नववीवरच आला, आणि मला फक्त पान उलटून दाखवावं लागलं.