मैदानाबाहेरचा रस आणि कोरेगावचा घेवडा

साताऱ्यात मी शाळकरी मुलींना कबड्डी शिकवते. मैदानाच्या फाटकाबाहेर सकाळी भाज्यांच्या रसाची गाडी लागते. गाजर-बीट, पालक-काकडी, दुधी, ग्लासाला चाळीस रुपये. "मॅडम, रोज एक ग्लास पाजला तर पोरीच्या अंगात रक्त भरेल ना?" असं मुलींच्या आया मला सारख्या विचारतात. तेवढ्याच पैशांत भुसार दुकानातून पाव किलोच्या आसपास वाघ्या घेवडा हे कडधान्य येतं, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

गाडीवरचा गाजर-बीट खरंच चांगला असतो. भाज्या समोर धुतात, रस समोर काढतात, बर्फ नको म्हटलं की घालत नाहीत. गाजरामुळे अ जीवनसत्त्वाच्या दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा मिळतो, पोटॅशियमही मिळतं. घामाघूम मुलींना पाणी तर हवंच असतं. पण ग्लासभर रसात प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम आणि लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास. गाळणीतून उरलेला चोथा बादलीत जातो आणि त्याबरोबर बहुतेक तंतूही जातात. वाढत्या वयातल्या, रोज मैदानावर आपटणाऱ्या मुलीचे स्नायू यावर भरत नाहीत.

आता घेवडा. कोरेगाव तालुक्यातल्या या पट्ट्यापट्ट्यांच्या दाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आम्हा सातारकरांना त्याचा अभिमान आहे. हा राजम्याच्याच जातीचा. पन्नास ग्रॅम कोरडा दाणा भिजवून शिजवला की एका मुलीची पोटभर उसळ होते. त्यातून दहा ग्रॅमच्या पुढे प्रथिनं, सात-आठ ग्रॅम तंतू, तीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि भरपूर फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) मिळतं. ही भाकरीबरोबर खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. मटकी, चवळी, हुलगा हेही याच तोलाचे. आमच्याकडे हुलग्याचं माडगं होतं, तेही मुलींना द्यावं.

मात्र कडधान्यातलं लोह शरीराला सहज लागत नाही, त्यातलं फायटिक आम्ल आडवं येतं. भिजवल्याने आणि मोड आणल्याने ते कमी होतं. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोड आल्यावर थोडं तयार होतं. वरून लिंबू पिळलं तर लोह आणखी चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा दिला तर यातलं बरंच वाया जातं, आणि आपल्याकडे नेमकं तेच चालतं. घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा. अर्धाकच्चा घेवडा खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात.

दुधीच्या रसाबद्दल माझं मत कडक आहे. मुलींना तो घेऊच देत नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं आणि त्याने माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नये असं सांगितलंय. गाडीवर मात्र आलं, पुदिना, काळं मीठ घालून देतात. त्यात कडवटपणा कळणार कसा?

गाडीला पाचापैकी तीन तारे, घेवड्याला पाच. ज्या घरात महिन्याचा हिशेब ताणून भागवावा लागतो, तिथे मुलीच्या रसाचे पैसे कडधान्यावर घाला, हे मी प्रत्येक आईला हात धरून सांगते. हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या हव्यातच, उसळ त्यांच्या जोडीला. हात सैल असेल तर रसही द्या. गाजर-बीट घ्या, मीठ न घालता, जमलं तर न गाळता. सोबत मूठभर शेंगदाणे द्या, कारण गाजरातलं कॅरोटीन, ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं, ते शोषायला थोडी चरबी लागते. गाडीवाल्या दादांना सांगितलं की ते चोथ्यासकट देतात.