प्रीअँप वापरून ८ महिने झाले: खाँसाहेबांचा आवाज उजवीकडे का सरकत होता

प्रीअँप (सीडी किंवा रेकॉर्ड प्लेअर आणि पॉवर अँपच्या मधला, आवाजाचा नॉब असलेला डबा) पुण्याच्या सर्व्हिसवाल्यांकडून दुसऱ्यांदा कुरिअरने परत आला आणि चिठ्ठीवर तेच, 'टॉलरन्समध्ये आहे (म्हणजे चालण्याजोगा फरक), दोष नाही'. दोन्ही वेळचं कुरिअर माझ्या खिशातून. त्या दिवशी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, बरं झालं थांबलो.

तक्रार एकच. मी सांगलीत विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहतो, घरचे झोपले की रात्री हळू आवाजात ऐकायचं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची सीडी लावली की आवाज मधून यायच्या ऐवजी उजव्या स्पीकरकडे सरकायचा. खाँसाहेब १९३७ ला गेले, त्या काळचं रेकॉर्डिंग सगळं मोनो, दोन्ही स्पीकरला एकच आवाज, म्हणजे आवाज बरोब्बर मध्येच पाहिजे. आमच्या शेजारच्या मिरजेत राहिलेला माणूस, त्यांचा सूर असा कलता ऐकवत नाही हो. प्रीअँपच्या आउटपुटच्या वायरी उलटसुलट केल्या तर आवाज डावीकडे गेला, म्हणजे पॉवर अँप (स्पीकर चालवणारा डबा) आणि स्पीकर निर्दोष.

पण त्यांचीच एलपी लावली की सगळं मधोमध! चार महिने यातच डोकं खाजवलं. शेवटी मिरजेतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी फक्त विचारलं, "सीडीला नॉब कुठं असतोय?" आठच्या काट्यावर. "आणि रेकॉर्डला?" दहाच्या पुढं. "मग झालं की."

मला वाटायचं प्रीअँप म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा. रेकॉर्डसाठी ते खरंय, एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे चुंबकवाल्या) पिनमधून ५ मिलिव्होल्टच्या आसपास येतं, फोनो स्टेज (प्रीअँपमधला खास रेकॉर्डसाठीचा भाग) ते शंभरपट करतो म्हणजे जेमतेम अर्धा व्होल्ट, शिवाय रेकॉर्ड कापताना कमी केलेला बेस परत भरून काढतो. सीडी मात्र सरळ २ व्होल्ट देते. माझा पॉवर अँप १ व्होल्टातच फुल्ल होतो आणि मधे हा प्रीअँप चौपट करायला बसलाय! म्हणजे रात्री नॉबला जवळपास सगळा सिग्नल फेकूनच द्यावा लागतो. त्या नॉबच्या एकाच दांड्यावर दोन कार्बनचे ट्रॅक असतात, डाव्याचा एक उजव्याचा एक, आणि अगदी सुरुवातीच्या टोकाला ते दोन्ही एकसारखे कमी करत नाहीत. थोडा वर नेला की जुळतात. सर्व्हिसवाले तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते हे मला मान्य करावं लागतंय, पण हे एक वाक्य त्यांनी फोनवर सांगितलं असतं तर माझे दोन कुरिअर वाचले असते, तो राग अजून आहे.

काकांनी पॉवर अँपकडच्या प्लगमध्ये दर चॅनेलला दोन रेझिस्टर बसवले, २२ किलोओहम सिरीजला आणि १० किलोओहम ग्राउंडला, सिग्नल एक तृतीयांशाच्याही खाली. प्रीअँपकडच्या टोकाला बसवायचे नाहीत, पुढची लांब वायर ट्रेबल खाते असं त्यांनी बजावलं. प्रीअँप उघडलाच नाही, वॉरंटीचं सील शाबूत. चार रेझिस्टरचे पैसे द्यायला लागलो तर घेईनात.

आता रात्री सीडीला नॉब दहाच्या पुढे असतो आणि खाँसाहेब मधोमध. रेकॉर्डला दोनपर्यंत न्यावा लागतो, जुन्या बारीक आवाजाच्या एलपीला तीनपर्यंत, तेवढं चालतंय. घेणाऱ्यांनी एवढंच करा, दुकानात ऐकताना मोनो सीडी न्या आणि नॉब आठवर ठेवून ऐका, दुकानदार मोठ्यानं लावून दाखवतो तेव्हा यातलं काहीच कळत नाही.