जिप्सी उचलायला गेलो आणि ७३,९०० रुपयांना बसलो

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. त्र्याहत्तर हजार नऊशे. मेहुणा दीड महिना हसतोय, त्यात तुमची भर.

माझ्या मारुती जिप्सीची उंची वाढवायच्या किटचे ५८,५००. त्यातले १५,००० आगाऊ, ४३,५०० माल निघण्याआधी. वाहतुकीचे २,७००. 'कस्टममधून सोडवायला' म्हणून ६,२००. इथे फिटिंगला ४,५०० आणि तेच सगळं काढून माझे जुने पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) परत बसवायला २,०००. शेवटचे दोन आकडे मिस्त्रींच्या घामाचे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

मी नवखा नाही. अकरा वर्षं जिप्सी चालवतोय. यू-बोल्ट स्वतः आवळतो, बुश स्वतः बदलतो. म्हणून तर लाज जास्त. भामट्याला अडाणीच गिऱ्हाईक लागतं असं नाही. थोडं कळणारा त्याला उलट सोयीचा पडतो, कारण अर्धा माल तो स्वतःच स्वतःला विकतो.

जिप्सीला चारही चाकांवर पाटे. माझे थकले होते, गाडी मागे डावीकडे कललेली. नवे घालायचेच आहेत तर दोन इंच उंच घालू, जरा मोठे टायर बसतील, असा विचार. (जाता जाता: नुसते उंच पाटे घालून डिफरेन्शियलचा गोळा, म्हणजे एक्सलच्या मधला गिअरचा डबा, दोरीभरही वर जात नाही, वर जाते ती बॉडी. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठे लागतात. 'लिफ्ट केली की दगडावर घासणार नाही' असं सांगणारा एकतर अडाणी असतो किंवा विक्रेता.)

किट विकणारा हा प्राणी व्हिडिओतून भेटला. परदेशी कंपनीचे पाटे, गॅसचे शॉक (धक्के शोषणारे), लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा), बुश, सगळं एका खोक्यात. फोन केला तर त्याने काय विचारावं? "सर, हार्डटॉप की सॉफ्टटॉप? पुढे विंच (गाडी ओढून काढायचा रहाट) लावलीय का? मागे नेहमी किती वजन असतं?" हे प्रश्न बरोबर आहेत. पाटा किती कडक हवा ते वजनावरच ठरतं; वजनापेक्षा कडक पाटा घातला की गाडी टणाटण उडते, मऊ घातला की महिन्यात बसते. वजन विचारणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? मला नाही वाटलं. पंधरा हजार पाठवले.

अकराव्या दिवशी रात्री पावणेदहाला त्याने 'पॅकिंगचा' फोटो टाकला. काळे कुळकुळीत पाटे, लाल शॉक, आणि कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे चार ठोकळे.

इथे थांबतो, कारण मीही तिथेच थांबायला हवं होतं.

जिप्सीचे पाटे एक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, खालून जातात. एक्सल वर, पाटा खाली. या दोघांच्या मध्ये ठोकळा घातला तर पाटा आणखी खाली ढकलला जातो आणि त्याला धरलेली सगळी चासीही खाली येते. पाटे एक्सलवरून जातात अशा गाड्यांना मागच्या बाजूला ठोकळा घालून उंची मिळते. जिप्सीत तोच ठोकळा गाडी खाली बसवतो. म्हणजे गाडी उचलायच्या किटात हा मला गाडी खाली आणायचं सामान दाखवत होता, आणि अकरा वर्षं त्या एक्सलखाली झोपलेला मी तो फोटो मोठा करून बघत होतो. मला कळलं. कळलं हो! लगेच लिहिलंसुद्धा, "दादा, हे ठोकळे कशाला?" उत्तर आलं, "सर, युनिव्हर्सल किट आहे, तुम्हाला लागणार नाहीत, बाजूला ठेवा."

युनिव्हर्सल पाटा! पाट्याची लांबी, रुंदी, डोळ्याचं माप, सेंटर बोल्टची जागा, सगळं त्या त्या गाडीचं असतं. आणि सगळ्याच गाड्यांना चालणारं किट होतं, तर सुरुवातीला माझ्या विंचची चौकशी कशाला केली? हे प्रश्न मला आज पडतात. त्या रात्री मी 'ओके' लिहिलं आणि पिन टाकून उरलेले ४३,५०० पाठवले. बायकोने विचारलं, "झालं का?" म्हटलं, "झालं."

बाजू एवढीच मांडतो की पंधरा हजार आधीच अडकले होते, आणि अडकलेल्या पैशामागे माणूस आणखी पैसे सोडतो. कस्टमचे ६,२०० तर माल त्याच्या गोदामात 'तयार' असल्याचं सांगितल्यावर भरले. त्याचं समर्थन माझ्याकडेही नाही.

माल आला. गॅसचा शॉक पट्टी बांधून येतो. पट्टी कापली की दांडा आपोआप बाहेर सरकतो. याला पट्टीच नव्हती. दांडा आत दाबला, तो जिथे सोडला तिथेच बसून राहिला. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बसवा हो." बसवल्यावर हबपासून मडगार्डपर्यंत टेपने मोजलं, ५२ मिलिमीटर चढली होती. आनंदात फोटो काढला आणि त्यालाच पाठवला, वर 'थँक यू दादा'.

त्या ५२ मधली बरीचशी उंची लांब शॅकलची होती, पाट्याची नव्हे. शॅकल जितकी लांब कराल त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, आणि जिप्सीत पुढे लांब शॅकल घातली की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा पुढच्या चाकांचा कल, कमी होतो. साठच्या वेगाला गाडी रस्ताभर हिंडायला लागली, वळणानंतर स्टिअरिंग परत येईना. तेविसाव्या दिवशी उंची १७ मिलिमीटर उरली. त्याच आठवड्यात वरंधा घाटात मागचा तिसरा पाटा तुटला. मिस्त्रींनी तुकडा हातात दिला: मोडलेल्या जागी अर्धा भाग चकाकता, अर्धा गंजून काळा. म्हणजे भेग माझ्याकडे यायच्या आधीची. रंग खरवडला तर खाली गंजाचे खड्डे. कुठल्या तरी भंगारातले पाटे ठोकून कमान वाढवलेली आणि वर काळा रंग.

विक्रेता म्हणाला, "ओव्हरलोड केली असेल." दुसऱ्या दिवसापासून त्याचा डीपी दिसेनासा झाला.

मग पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बाकावर. "पैसे तुम्हीच पाठवले ना?" हो. "माल आला ना?" हो. "मग फसवणूक कसली?" म्हणजे खोक्यात दगड आले असते तर गुन्हा, गंजकं लोखंड आलं तर व्यवहार! पुढे, "ऑनलाइन आहे, सायबरकडे जा." सायबरवाले म्हणाले, वस्तू मिळालीय, ग्राहक आयोगात जा, आणि तसाही तो परराज्यातला, तिकडे तक्रार द्या. मी म्हटलं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार इथे नोंदवता येते. "वकील आहात का?" नाही. "मग बसा." बसलो. चहा आला, त्यांच्यासाठी.

आणि कळस म्हणजे एका साहेबांनी विचारलं, "गाडी उंच करायला आरटीओची परवानगी होती?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना तोंडपाठ. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, २०१९ पासून एकेका बदलाला पाच हजार दंड होऊ शकतो, वर कैदेचीही तरतूद, हे मलाच समजावलं. बरोबर आहे, चूक माझी. पण चोरासाठी एक कलम सापडेना आणि माझ्यासाठी पुस्तक उघडंच! बँकेचं तर एकच वाक्य, "पिन तुमचाच होता."

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. मी चाळिसाव्या दिवशी केला. तुम्ही लाजत बसू नका.

खात्यावरचं नाव दुकानाच्या नावाशी जुळत नसेल तर पैसे पाठवू नका. बिलावरचा जीएसटी नंबर मोजा, पंधरा अक्षरं असतात. माझ्या बिलावर चौदा होती आणि मी ती ग्राहक आयोगाचा अर्ज भरताना मोजली. अर्ज मात्र आपल्याच जिल्ह्यात करता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. माझी नोटीस 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आलीय. पाटे दुकानात जाऊन, टेप घेऊन, रंग नखाने खरवडून घ्या. दुकानदाराला राग आला तर येऊ दे. आणि मिस्त्री गप्प झाले तर का गप्प झाले ते विचारा.

परवा मेहुण्याने त्या भामट्याच्या नव्या पानाची लिंक पाठवली. नाव बदललंय, किट तेच, भाव ६१,०००. 'समाधानी ग्राहक' या मथळ्याखाली आंब्याच्या झाडाखाली उभी पांढरी जिप्सी आहे, डाव्या मडगार्डला पोचा, नंबरप्लेट पुसलेली, आणि खाली 'थँक यू दादा'. ती माझी आहे.